आईसाठी सोडलेल्या दोन ओळी

"गाणं लिहायला शिकवता म्हणजे नेमकं काय शिकवता?"

आचोळ्याला माझ्या वर्गात मूल घालायला आलेले पालक दारातच हे विचारतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. गायला शिकवतात, तबला शिकवतात, पेटी शिकवतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाणं लिहिणारी माणसं आपल्या बिल्डिंगमध्ये राहत नाहीत, ती कुठेतरी लांब असतात, असाच समज असतो. एका गृहस्थांनी मला विचारलं, "टीचर, याच्यात पुढे स्कोप काय?" मी म्हटलं, "स्कोप काही नाही. पण तुमचा ओम थोड्या दिवसांनी स्वतःचं एक गाणं घेऊन घरी येईल." ते जरा थांबले आणि म्हणाले, "स्वतःचं म्हणजे आधी कुणाचंच नव्हतं, असं?" हो, अगदी तसंच. मी इतकी वर्षं शिकवते, पण इतकं नीट मला कधी सांगता आलं नव्हतं.

मी वसईच्या एका गावातली. घराभोवती केळीची वाडी. वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, आई चर्चच्या क्वायरमध्ये गायची. घरात आमची बोली, शाळेत पुस्तकातलं मराठी आणि मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, गीतं आणखी तिसऱ्याच भाषेत. त्यामुळे एकच गोष्ट तीन तऱ्हांनी म्हणता येते, हे लहानपणीच कानाला कळलं होतं. पुढे नालासोपाऱ्याच्या एका मराठी शाळेत संगीत शिकवायला लागले ती निवृत्त होईपर्यंत. गॅदरिंग, प्रार्थना, स्वागतगीत, निरोपगीत, सगळं बसवलं. पण सगळी गाणी दुसऱ्यांची. मुलांना त्यांची स्वतःची गाणी करू द्यावीत, हे सुचेपर्यंत माझे केस पांढरे झाले होते. याची चुटपुट अजून आहे. निवृत्तीनंतर आचोळ्याच्या एका सोसायटीनं शनिवारी सकाळी त्यांचा हॉल वापरायला दिला. एक सतरंजी, एक फळा आणि माझी पेटी, एवढ्यावर वर्ग सुरू झाला.

काम कसं चालतं ते सांगते. मुलांना गाणं लिहायला सांगितलं की ती ताबडतोब चंद्र, तारे आणि फुलपाखरू आणतात. चंदनसारहून येणारा हा ओम तर नुसता यमकांच्या मागे. आंबा, खांबा, थांबा, लांबा. अर्थाशी त्याला काही घेणंदेणं नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी पेन हातात घेऊच देत नाही. "आज सकाळपासून तू खरंच बोललास असं एक वाक्य सांग," एवढंच विचारते. कुणी म्हणतं, "मम्मी, माझा डबा कुठाय?" ते वाक्य आम्ही सगळे मिळून म्हणतो. टाळ्या वाजवत म्हणतो. कुठल्या अक्षरावर जोर येतो, आवाज कुठे चढतो, कुठे खाली येतो, ते ऐकतो. जिथे चढतो तिथे मी पेटीवर वरचा सूर देते, जिथे उतरतो तिथे खालचा. डब्याची चौकशी बघता बघता चाल होऊन जाते आणि मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागतात. पुन्हा पुन्हा म्हणावीशी वाटते ती ओळ ध्रुवपद. यमक सगळ्यात शेवटी, आणि आलं तरच.

ओमनं शेवटी गाणं केलं ते त्याच्या बिल्डिंगच्या लिफ्टवर. "लिफ्ट बंद आहे, लिफ्ट बंद आहे, सातव्या मजल्यावर आजी बसून आहे." चाल इतकी सोपी की त्याच्या सोसायटीतली सगळी पोरं जिना चढताना तेच गायला लागली. सेक्रेटरी दिसले की जरा जोरात. लिफ्ट दुरुस्त झाली आणि आजी देवळात जाऊन आली. तेव्हा ओमचे वडील मला म्हणाले, "टीचर, स्कोप आहे."

पण सांगायचं आहे ते तन्वीच्या गाण्याबद्दल.

तन्वी पहिल्या दिवशी आली तीच कडेवर भाऊ घेऊन. चौथीतली मुलगी, अंगानं अगदी काडी, आणि कडेवरचा चिकू चांगला गुटगुटीत, तीनेक वर्षांचा. त्याच्या वजनानं ती एका बाजूला कलली होती.

"अगं, त्याला खाली तरी उतरव," मी म्हटलं.

"उतरवला की पळतो, टीचर. मग पकडण्यात टाइम जातो."

तिच्या घरचं हळूहळू कळलं. वडील ट्रकवर ड्रायव्हर. गाडी एकदा गुजरातकडे निघाली की कित्येक दिवस घरी यायचे नाहीत. आई वैशाली, मूळची अर्नाळ्याची, कोळ्याच्या घरातली. तिनं नुकतंच कामणच्या एका गोदामात पॅकिंगचं काम धरलं होतं. दुपारची पाळी. तन्वी शाळेतून आली की आई निघायची, आणि परत यायची तोवर दोन्ही मुलं जेवून झोपलेली असायची. सकाळी ती स्वयंपाक-धुणी उरकायची, तेव्हाही चिकू तन्वीच्याच कडेवर. शेजारच्या मौसी आपलं दार उघडं ठेवून लक्ष द्यायच्या, जेवायला वाढायच्या. सगळं नीट चाललं होतं, फक्त चिकू दुपारी झोपत नव्हता. आईच पाहिजे म्हणून रडायचा, झोप झाली नाही की संध्याकाळी आणखी रडायचा, आणि त्याला घेऊन तन्वी गॅलरीत फेऱ्या मारत बसायची.

"तुमचं गाणं कुणासाठी आहे?" असं मी मुलांना विचारते. कुणी आजीचं नाव घेतं, कुणी कुत्र्याचं. तन्वी म्हणाली, "चिकूसाठी. झोपायचं गाणं पाहिजे."

"मोबाइलवर लाव ना अंगाई," ओमनं सुचवलं.

"लावून बघितली. तो झोपत नाही. मोबाइलच बघत बसतो."

अंगाई करायला दिसते तितकी सोपी नाही. बाकीच्या गाण्यांत ऐकणाऱ्याचं लक्ष राहावं म्हणून आपण धडपडतो. इथे त्याचं लक्ष सुटावं म्हणून सगळं करायचं. सूर थोडे, अक्षरं लांब, प्रत्येक ओळीचा शेवट खाली येणारा. चमकदार शब्द आला की मूल डोळे उघडतं. मी तन्वीला विचारलं, "चिकू रडतो तेव्हा खोलीत आणखी कसला आवाज येतो?" ती विचार करून म्हणाली, "पंख्याचा. आणि ग्रिलवर कबुतर बसतं, त्याचा." पुढच्या शनिवारी तिनं म्हणून दाखवलं.

पंखा म्हणतो गर गर गर,
कबुतर म्हणतं घू,
सगळे आपलं काम करतात,
आता झोप ना तू.

शेवटचं "झोप ना तू" ती जशी बोलायची तसंच चालीत आलं होतं. थोडं दमलेलं, थोडं लाडाचं. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरं कडवं आलं.

डोळे मिट रे चिकू बाळा,
रडायचं नाही,
आई नाही घरामध्ये,
मीच तुझी आई.

वर्गातली चुळबुळ थांबली. मी विचारलं, "ही शेवटची ओळ कशी सुचली?"

"सुचली नाही. मी त्याला असंच म्हणते."

मी तिच्याकडून ते कडवं पुन्हा म्हणवून घेतलं. खरं सांगायचं तर त्या वर्षात कुणीच इतकी चांगली ओळ केली नव्हती. मोठमोठ्या शब्दांची गरज नाही हे मी मुलांना सांगत असते. आता दाखवायला उदाहरण मिळालं होतं. मी फळ्यावर ती ओळ लिहिली आणि सगळ्यांना म्हणायला लावली.

पुढच्या वेळी तन्वी दारातूनच ओरडली, "टीचर, झोपला!"

"किती वेळा म्हणावं लागलं?"

"माहीत नाही. मलापण झोप लागली."

काही आठवडे असेच छान गेले. मग एका शनिवारी वर्ग सुटता सुटता तन्वीची आई आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. कामावर निघायच्या तयारीत, खांद्याला डब्याची पिशवी. चेहऱ्यावर राग होता, पण बोलायला लागली तेव्हा आवाज कापत होता.

"टीचर, मी तन्वीची आई. तुम्ही ते गानं बंद करा."

तिनं स्वतःला सावरून नीट बोलायचा प्रयत्न केला, पण पुढचं सगळं तिच्या अर्नाळ्याच्या बोलण्यातच आलं. "मंगलवारी मना सुट्टी होती. याला थोपटायला घेतलं तर यानं मना ढकललं. म्हनतो, तू नको, आई पायजे. आनि बोट हिच्याकडं. माझा पोर हिला आई म्हनतो, टीचर." मग जरा दम घेऊन म्हणाली, "आनि बिल्डिंगमधली पोरं गातात. आई नाही घरामध्ये, आई नाही घरामध्ये. जिना चढताना माझ्या कानावर पडतं. मी काय हौसेनं जाते का घर सोडून?"

पोरं ती ओळ का गात होती, हे मला ठाऊक होतं. फळ्यावर मीच लिहिली होती, आणि वर्गातली दोघं-तिघं त्यांच्याच बिल्डिंगमधली होती.

तन्वी चिकूला धरून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "पण तुम्हीच सांगितलं ना, जे खरं असेल तेच लिहायचं?"

वैशालीनं चिकूला उचललं. "आता ती येनार नाय," एवढं बोलून तिघंही गेली.

पुढचा शनिवार तन्वी आली नाही. त्याच्या पुढचाही. मुलं विचारायची, मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. शेवटी एका मंगळवारी, वैशालीच्या सुट्टीच्या दिवशी, वाडीतली केळी पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेले. दार वैशालीनंच उघडलं. मला बघून ती अवघडली, पण "या, बसा" म्हणाली आणि चहा ठेवायला ओट्याकडे वळली. चिकू केळी बघून माझ्या मांडीवर येऊन बसला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, तन्वीच्याही.

"झोपतो का दुपारी?" मी तिला हळूच विचारलं.

तिनं मान हलवली. "आईनं सांगितलं ना, गायचं नाही."

ओट्याकडची भांडी वाजायची थांबली.

मी वैशालीला म्हटलं, "गाणं बंद करायचं तर करूया. मी काही भांडायला आले नाही. पण केलंय हिनं, तर निदान हिला विचारूया."

तन्वी आईच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी बदललंय ते. गात नाही, पण मनात बदललं. म्हणून दाखवू?"

वैशालीनं वळून बघितलं नाही, पण नकोही म्हणाली नाही. तन्वी चिकूला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली,

डोळे मिट रे चिकू बाळा,
रडायचं नाही,
आई येईल कामावरून,
मी तर तुझी ताई.

"आईच्या आधी फक्त त घातला, टीचर. आणि वरची ओळ पण बदलली, कारण तीसुद्धा खरी आहे. आई येतेच ना रोज."

मी इतकी वर्षं शब्दांशी खेळते, पण ते एवढंसं अक्षर मला दिसलं नव्हतं. वैशाली गॅस बंद करून आमच्याजवळ येऊन बसली. पदरानं हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"अजून एक कडवं आहे," तन्वी म्हणाली, "पण ते अर्धंच आहे. कुकर झाला, दिवा लागला, कोण आलं घरी? एवढंच. पुढच्या दोन ओळी आईला करायला लागतील."

"मना कुठं येतं गानं करायला?" वैशाली दचकलीच.

"मला पण येत नाही ते. तू येतेस तेव्हा मी झोपलेली असते. मग मी खोटं कसं लिहू?"

आता बोलायची पाळी माझी होती. वर्गात विचारते तसंच मी तिला विचारलं, "रात्री दारातून आत येतेस तेव्हा तू काय म्हणतेस?"

"काय म्हननार? चपला काढते. दोघं झोपलेली असतात."

"आणि मनात?"

मग तिनं सांगितलं, की लहानपणी तिचे बाबा होडी घेऊन गेले की ती किनाऱ्यावर जाऊन बसायची. आई सांगायची, भरती लागली की येतील. म्हणून ती होडीकडे बघायचीच नाही, नुसतं पाण्याकडे बघायची. पाणी वर चढायला लागलं की खात्री व्हायची. "आता रोज जिना चढताना तेच आठवतं. वाटतं, ह्यांना झोपेत तरी कळत असेल. पानी आलं, मी आली."

"हेच म्हण," तन्वी म्हणाली.

मी गुडघ्यावर हळू टाळी धरली. वैशालीनं दोन-तीनदा शब्द मागेपुढे केले, मध्येच लाजून हसली, आणि मग ओळी जागेवर बसल्या. पालकांसमोरच्या कार्यक्रमात म्हणायला मात्र तयार होईना. "तन्वी गाईल. माझं 'पानी', 'मीपन' असलं बोलनं लोकांसमोर नको."

"मी कशी गाऊ?" तन्वी म्हणाली. "मी कुठे बाहेरून येते?"

ते तिथेच राहिलं. चहा पिऊन मी निघाले. शनिवारी तन्वी चिकूला घेऊन वर्गात हजर होती. ओमनं तिच्यासाठी सतरंजीवर जागा सरकवली. नव्या ओळी सगळ्यांना शिकवू का, असं मी तिला या वेळी आधी विचारलं. ती म्हणाली, "दोन कडवी शिकवा. तिसरं घरचं आहे."

वर्षाचे वर्ग संपताना मुलं आपापली गाणी पालकांना म्हणून दाखवतात. त्या वेळी आम्ही रविवारी दुपारी जमलो. वैशालीनं सुपरवायझरला सांगून सुट्टी बदलून घेतली होती. वडीलही गाडीवरून परतले होते, ते मागे भिंतीला टेकून उभे होते. ओमच्या लिफ्टला तुफान टाळ्या पडल्या. कुणी मैनेवर गायलं, कुणी गणिताच्या सरांवर. तन्वीची पाळी जवळजवळ शेवटी आली. चिकू आईच्या मांडीवर होता, वडापाव खाऊन पेंगुळलेला.

तन्वी पुढे येऊन उभी राहिली. मी सूर दिला. पंखा आणि कबुतर झालं. "मी तर तुझी ताई" आलं तेव्हा मागच्या दोन-तीन बायकांनी डोळ्यांना रुमाल लावला. मग तिनं तिसरं कडवं धरलं.

कुकर झाला, दिवा लागला,
कोण आलं घरी?

आणि ती थांबली. लोकांना वाटलं, विसरली. मी पेटीवरचा सूर सोडला नाही. वैशाली मान खाली घालून बसली होती, चिकूच्या पाठीवरचा हात तेवढा हलत होता. मला वाटायला लागलं, आता आपणच ओळ म्हणून टाकावी. पण ती माझी नव्हती. मी नुसता भाता हलवत राहिले.

मग अगदी खालच्या आवाजात, मान तशीच ठेवून, वैशालीनं म्हटलं,

भरती आली, पानी आलं,
मीपन आली दारी.

आवाज जरा जाडसर होता, पण सुरात. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवणार कशा? चिकूला गाढ झोप लागली होती. पुढच्या रांगेतल्या आज्या एकमेकींना ओठांवर बोट ठेवून खुणा करत होत्या, ओमनं वर उचललेले हात तसेच खाली घेतले.

तन्वी आईजवळ गेली आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, तो तर झोपला. तू म्हणायच्या आधीच झोपला."

"माहीत हाय," वैशाली म्हणाली. "त्याला नाय म्हटलं."

चिकूला तिनं एका मांडीवर सरकवलं आणि तन्वीचं डोकं दुसऱ्या मांडीवर घेतलं. चौथीतली मुलगी, एवढ्या लोकांसमोर, पण तन्वीनं आढेवेढे घेतले नाहीत. वैशाली तिच्या केसांवरून हात फिरवत त्या दोन ओळी पुन्हा म्हणायला लागली, या वेळी जरा मोठ्यानं. मी पेटी चालू ठेवली. तन्वीनं डोळे मिटून घेतले होते, पण पापण्या सारख्या हलत होत्या. ती झोपली नव्हती. तिला ते अजून ऐकायचं होतं.